लाल रंग नीट दिसला तरच कळणारी व्हॅम्पायर फिल्म

तुम्ही विचारलंय की ड्रॅक्युलाचे तेच ते सिनेमे बघून कंटाळा आलाय, साठ-सत्तरच्या दशकातली, दिसायला एकदम देखणी आणि फारशी कुणी न बघितलेली अशी एखादी व्हॅम्पायर फिल्म सांगा, आणि असल्या फिल्म सापडतात कशा तेही सांगा. मी दहा नावं देणार नाही, एकच देतो. ‘डॉटर्स ऑफ डार्कनेस’, बेल्जियम, १९७१, दिग्दर्शक हॅरी क्यूमेल. फ्रेंचमध्ये तिचं नाव ‘ले लेव्र रूज’, म्हणजे लाल ओठ. माझ्या मते तेच तिचं खरं नाव, इंग्रजी नाव ऐकून माणसाला वाटतं काहीतरी स्वस्तातलं असणार आणि तो पुढे सरकतो.

आधी हे सांगतो की मी तीस वर्षं रंगाचं काम करतोय. सुरुवातीची वर्षं मुंबईत फिल्म लॅबमध्ये ग्रेडर होतो, म्हणजे निगेटिव्हवरून प्रिंट काढताना प्रत्येक शॉटला लाल-हिरवा-निळा लाईट किती द्यायचा हे ठरवणारा माणूस, आणि नंतर सगळं डिजिटलवर गेलं तसा मीही गेलो. त्यामुळे माझं उत्तर रंगाच्या अंगानेच येणार, आणि या फिल्मच्या बाबतीत तरी मला वाटतं तेच बरोबर अंग आहे.

गोष्ट थोडक्यात. स्टेफान आणि व्हॅलरी, नुकतं लग्न झालेलं जोडपं, रात्रीच्या ट्रेनने चाललेत, पुढे बोटीने इंग्लंडला त्याच्या आईकडे जायचंय. ट्रेन लेट होते, बोट चुकते, म्हणून ऑस्टेंड नावाच्या समुद्राकाठच्या गावात एका भल्यामोठ्या हॉटेलात थांबतात. सीझन संपलेला, हॉटेलात चिटपाखरू नाही, हे दोघं आणि काउंटरवरचा एक वयस्क माणूस, बस. मग संध्याकाळी एक गाडी येते आणि त्यातून उतरते काउंटेस बाथरी आणि तिची सेक्रेटरी इलोना. काउंटरवरचा माणूस काउंटेसला बघून पांढराफटक पडतो कारण तो पोरसवदा होता, याच हॉटेलात बॅगा उचलायचा, तेव्हा ही बाई इथे येऊन गेलेली त्याला आठवते, त्याला झाली चाळीस वर्षं, आणि हिच्या चेहऱ्यावर एक सुरकुती वाढलेली नाही. तिकडे स्टेफान आईला फोन करायला टाळाटाळ करतोय, काउंटरवाल्याला पैसे देऊन सांगतो की फोन लागत नाही असं बायकोला सांग. इथवर फिल्म नुकती कुठे सुरू झालेली असते आणि खोटं बोलणारा माणूस कोण हे आपल्याला कळलेलं असतं, तो व्हॅम्पायर नाही, नवरा आहे.

मी ही पहिल्यांदा बघितली शहाण्णव-सत्त्याण्णवच्या आसपास, व्हीएचएस कॅसेटवर. कॉपीची कॉपी होती ती. तेव्हा मला फिल्म अजिबात आवडली नाही, संथ वाटली, लोक नुसते जिन्यावरून वर जातात, खाली येतात, बोलतात, आणि मध्येच पडदा चिखलासारखा लालभडक होतो. आज कळतं की मी ती फिल्म बघितलीच नव्हती. व्हीएचएसमध्ये चित्राची धार त्यातल्या त्यात बरी यायची, पण रंगासाठी जागाच नसायची, आणि त्यात सगळ्यात वाईट हाल लाल रंगाचे व्हायचे. गडद लाल नेहमी आपल्या हद्दीबाहेर ओघळायचा. ज्या फिल्मचं नाव लाल ओठ, तिच्यात नायिकेच्या ओठांचा रंग गालापर्यंत पसरलेला मी बघत होतो, आणि कॉपीच्या कॉपीत तर ते अजून वाढलेलं. अशा कॅसेटवर कुणी फिल्म बघून ठरवलं असेल की काही दम नाही, तर मी त्याला दोष देणार नाही, मी स्वतः तेच ठरवलं होतं.

आता ते लाल पडद्याचं. साधारणपणे सीन संपला की पडदा काळा होतो, फेड टू ब्लॅक, ते आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की आपण बघतही नाही. क्यूमेलने इथे काळ्याच्या जागी लाल वापरलाय. सीन संपतो आणि चित्र हळूहळू लालात बुडतं. आज कंप्युटरवर हे पाच सेकंदांचं काम आहे, पण १९७१ मध्ये काळा फेड आणि लाल फेड यात जमीन-अस्मानाचा फरक होता. काळा फेड म्हणजे लाईट हळूहळू बंद करत न्यायचा, संपलं. लाल फेडसाठी लाल रंग वेगळा तयार करून तो चित्रावर ऑप्टिकलमध्ये, म्हणजे फिल्मवरून पुन्हा फिल्म काढणाऱ्या यंत्रावर, चढवायचा, म्हणजे वेगळा खर्च, वेगळा वेळ, त्या तुकड्याचा ड्यूप निगेटिव्ह, म्हणजे निगेटिव्हची नक्कल, आला की तिथे चित्रात दाणे वाढणार, आणि लाल नेमका कोणता हे दर वेळी जुळवत बसायचं. मी लॅबमध्ये काम केलंय म्हणून सांगतो, असं काम कुणी गंमत म्हणून सांगत नाही. दिग्दर्शक अडून बसल्याशिवाय ते होत नाही.

आणि त्याने ते का केलं असेल याचं मला सापडलेलं उत्तर हे. पडदाभर लाल दोन-तीन सेकंद बघितला की डोळ्यांतला लालाचा भाग थकतो, आणि त्यानंतर जे काही दिसेल ते थोडं निळं-हिरवट दिसतं. करून बघा, लाल कागदाकडे एकटक बघून मग पांढऱ्या भिंतीकडे बघा. आता या फिल्ममध्ये लालानंतर येतं काय, तर बहुतेक वेळा समुद्र, संध्याकाळ, रिकामे कॉरिडॉर, म्हणजे मुळातच थंड रंग. म्हणजे तो लाल आपले डोळे तापवून ठेवतो आणि पुढचा निळा आहे त्यापेक्षा जास्त गार लागतो, उन्हातून एकदम देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकलं की फरशी जशी लागते तशी. मी हे रिस्टोअर केलेल्या कॉपीवर अंधाऱ्या खोलीत बघितलं तेव्हा अंगावर काटा आला, आणि पडद्यावर घडत काय होतं तर एक बाई हॉटेलच्या लॉबीतून चालत येत होती, एवढंच.

निळ्याबद्दल थोडं बोलतो कारण तो फुकट मिळालेला नाही. कॅमेरामन एदुआर्द फान देर एंडेन, डच माणूस, त्याच सुमाराला फ्रेंच दिग्दर्शक जाक तातीच्या ‘ट्राफिक’चंही काम त्याने केलंय. ऑस्टेंड आहे एक्कावन्न अक्षांशावर, तिथे सूर्य तिरका बुडतो, त्यामुळे सूर्यास्तानंतरचा तो निळा उजेड आपल्यापेक्षा बराच जास्त टिकतो. मुंबईत आम्हाला वीस-बावीस मिनिटं मिळतात, त्यात युनिटची धावपळ होते, तिकडे पस्तीसेक मिनिटं मिळतात. तरी पण पस्तीस मिनिटं म्हणजे काही फार नाही, आणि त्या काळचा कलर निगेटिव्ह शंभर एएसएचा, म्हणजे आजच्या कॅमेऱ्यांच्या मानाने जवळजवळ आंधळा. बाहेरचा निळा उजेड आणि हॉटेलच्या खिडक्यांतला पिवळा दिवा एकाच फ्रेममध्ये बसवायचा तर नेमक्या मिनिटाची वाट बघावी लागते. पाच मिनिटं आधी गेलात तर दिवे दिसत नाहीत, पाच मिनिटं उशिरा गेलात तर आकाश काळं. आणि व्हॅम्पायरच्या गोष्टीत हीच तर वेळ महत्त्वाची, दिवस संपलाय आणि रात्र अजून लागलेली नाही, आपल्याकडे ज्याला तिन्हीसांज म्हणतात आणि आजी पोरांना उंबऱ्यात बसू देत नाही ती. काउंटेस याच वेळेतून आल्यासारखी वाटते.

हॉटेल खरं आहे. बाहेरून दिसतं ते ऑस्टेंडच्या किनाऱ्यावरचं थर्मे पॅलेस, समोर लांबच लांब खांबांची गॅलरी, दुसऱ्या लिओपोल्ड राजाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधून घेतलेली. आतले बरेचसे भाग, तो जिना वगैरे, ब्रसेल्सच्या अ‍ॅस्टोरिया हॉटेलातले. म्हणजे बाहेर एक इमारत आणि आत दुसरीच, पण जोड कुठेच कळत नाही. माणसं नसलेलं मोठं हॉटेल हे किती विचित्र असतं हे ज्यांनी भर पावसाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीला मुक्काम केलाय त्यांना सांगायला नको, चाळीस टेबलं मांडलेली आणि जेवायला आपण दोघं, वेटर भिंतीला टेकून आपल्याकडे बघतोय. क्यूमेलने बाकी काही जास्त केलेलंच नाही, कोळीष्टकं नाहीत, वटवाघळं नाहीत, शवपेट्या नाहीत. स्वच्छ, पॉलिश केलेलं, रिकामं हॉटेल.

आता देल्फीन सेरिग, काउंटेस झालेली नटी. फिल्म तिची आहे. तिने दहा वर्षं आधी, १९६१ मध्ये, आलँ रेनेच्या ‘लास्ट इयर अ‍ॅट मारिएनबाद’मध्ये काम केलं होतं, तिथेही मोठं हॉटेल आणि भुतासारखी हिंडणारी माणसं होती, त्यामुळे तिला इथे बघताना वाटतं की तीच बाई हॉटेल बदलून आलीय. काउंटेसचे केस प्लॅटिनम रंगाचे, लाटा काढलेले, भुवया बारीक, थेट १९३० च्या मार्लेन डीट्रिचसारखी. आणि हे आपोआप झालेलं नाही. डीट्रिचला स्टार केलं ते योझेफ फोन श्टर्नबर्ग या दिग्दर्शकाने, तिच्या चेहऱ्यावर लाईट कुठून टाकायचा हे त्यानेच ठरवलं, समोरून पण बराच वरून, म्हणजे गालांखाली हलकी सावली पडते आणि चेहरा कोरल्यासारखा दिसतो. आणि क्यूमेलने या श्टर्नबर्गवर १९६९ मध्ये बेल्जियमच्या टीव्हीसाठी माहितीपट केला होता, म्हणजे ही शाळा त्याने नुकतीच केलेली. इलोनाचा बॉब कट, काळे केस, तो मूकपटातल्या लुईझ ब्रुक्सचा. दोघी त्याच जुन्या काळात राहून गेल्यासारख्या दिसतात. कुणी ‘मी चाळीस वर्षांपूर्वी इथे होते’ असं म्हणायची गरजच पडत नाही, केस आणि लिपस्टिक तेच सांगतात.

एक चंदेरी टिकल्यांचा ड्रेस आहे तिचा. टिकल्यांचं असं असतं की मऊ लाईट दिला तर त्या मरतात, नुसतं राखाडी कापड दिसतं. त्यांना छोटा, कडक दिवा लागतो, मग प्रत्येक टिकली आपापला दिवा पकडते आणि बाई हलली की हजार ठिणग्या हलतात. पण तोच कडक दिवा चेहऱ्यावर पडला तर चेहरा खराब होतो, सेरिग तेव्हा चाळिशीच्या आसपासची होती. म्हणजे अंगाला एक लाईट आणि चेहऱ्याला दुसरा, आणि ती चालतेय, बसतेय, वळतेय, तेव्हाही ते सांभाळायचं. हे काम किती अवघड आहे ते सेटवर उभं राहिलेल्या माणसाला विचारा. माझ्या ओळखीचे गॅफर आहेत, म्हणजे सेटवरच्या लाईटवाल्यांचे प्रमुख, त्यांना मी तो सीन दाखवला, ते तीनदा मागे नेऊन बघत होते.

आणि सेरिगचा आवाज. ती काही धमकी देत नाही, ओरडत नाही, सुळे दाखवत नाही, आख्ख्या फिल्ममध्ये सुळे नाहीतच. ती हसते आणि ‘काय गं, दमलीस का’ अशा सुरात बोलते. लग्नघरात एखादी लांबची मावशी असते ना, श्रीमंत, छान साडी, जवळ घेऊन प्रेमाने विचारते आणि अर्ध्या तासात तुमच्या घरातली सगळी भांडणं तिला कळलेली असतात, तशी. भीती वाटते ती या मऊपणाची. १९७१ हेच वर्ष, याच वर्षी एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये ३४३ बायकांनी जाहीर पत्रक काढलं की आम्ही गर्भपात केलाय, तेव्हा तो तिथे गुन्हा होता, त्या सह्यांमध्ये सेरिगची सही आहे. पुढे १९७५ मध्ये तिने शांताल आकेरमानच्या ‘जान डिलमान’मध्ये घरात बटाटे सोलणारी, ताटं विसळणारी बाई केली, जी फिल्म २०२२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश सिनेमासिकाच्या समीक्षकांच्या यादीत पहिली आली. तेव्हा जो कुणी म्हणेल की व्हॅम्पायर फिल्ममध्ये काम करायचं म्हणून तिने उरकलं, त्याला सांगा की या बाईने उरकलेलं काम मला तरी एकही दिसलेलं नाही. काउंटेस ती त्याच गांभीर्याने करते.

कारण ही गोष्ट खरं तर व्हॅलरीची आहे. नवरा आधी किती गोड, मग ब्रुज नावाच्या जवळच्या गावाला फिरायला जातात तिथे एका मुलीचा खून झालेला असतो, रक्त नसलेलं प्रेत, आणि स्टेफान गर्दीत घुसून ते बघायला धडपडतो, त्याची नजर बदलते. व्हॅलरी ते बघते. पुढे काउंटेस आपल्या ‘पूर्वज’ बाथरीच्या छळाच्या गोष्टी सांगते आणि स्टेफान तिच्या बरोबरीने तपशील पुरवायला लागतो, दोघं एकमेकांची वाक्यं पूर्ण करतायत, आवाज चढत चाललाय आणि व्हॅलरी ऐकतेय, तो सीन मला फिल्ममधला सगळ्यात भयंकर वाटतो. पडद्यावर एक थेंब रक्त नाही. मग एका रात्री तो तिला पट्ट्याने मारतो. बघा, व्हॅम्पायर बाईने अजून तिला बोट लावलेलं नाही, आणि घरचा माणूस मारून मोकळा झालाय. ती निघून जायला स्टेशनवर जाते आणि काउंटेस तिथे येऊन तिला परत नेते, तेव्हा आपल्याला कळत नाही की ती सुटतेय की अडकतेय. आणि ही शंका शेवटपर्यंत मिटत नाही, शेवट मी सांगणार नाही.

बाथरीबद्दल दोन शब्द, कारण लोक हे खरं-खोटं एकत्र करतात. एर्जेबेत बाथरी ही हंगेरीतली खरी सरदार घराण्यातली बाई, १५६० ते १६१४. तरुण मुलींचा छळ आणि खून केल्याच्या आरोपावरून १६१० मध्ये तिला पकडलं, तिच्या नोकरांना १६११ मध्ये मारलं, तिच्यावर स्वतःवर खटला कधी चाललाच नाही, किल्ल्यातच डांबून ठेवलं, तो किल्ला आता स्लोवाकियात येतो. ती तरुण राहायला रक्ताने अंघोळ करायची ही जी गोष्ट सगळ्यांना माहीत आहे ती साक्षीदारांच्या जबान्यांमध्ये नाही, ती छापून आली १७२९ मध्ये, म्हणजे ती मेल्यावर शंभराहून जास्त वर्षांनी. क्यूमेलने ही दंतकथाच उचललीय, इतिहास नाही, आणि त्याने ते बरोबर केलं असं मला वाटतं, कारण त्याची काउंटेस स्वतःच स्वतःबद्दलच्या अफवेसारखी वागते.

संगीत फ्राँस्वा द रूबेचं. हा माणूस घरातच स्टुडिओ थाटून वेगवेगळी वाद्यं स्वतः वाजवून, सिंथेसायझर वगैरे लावून काम करायचा, मेलव्हिलच्या ‘ल सामुराई’चं संगीत त्याचंच. १९७५ मध्ये समुद्रात डायव्हिंग करताना गेला, छत्तीस वर्षांचा होता. इथे त्याने ‘आता घाबरा’ असं सांगणारं संगीत दिलेलं नाही, एक धून आहे जी ऐकून वाटतं कुणीतरी छान पार्टीला निघालंय, आणि तीच फिल्मभर मागे लागते.

उणिवा आहेत, त्या सांगायलाच हव्यात. जॉन कार्लन, स्टेफान झालेला, काही ठिकाणी भडक होतो. रिटायर्ड पोलिसाचं जे उपकथानक आहे ते अर्धवट आहे, तो येतो, टोपी सावरतो, जातो, त्याचं पुढे काही नीट होत नाही. बाथरूममध्ये एक मृत्यू आहे, त्याची जुळवाजुळव मला आजही पटत नाही. आणि स्टेफानची ‘आई’ कोण हे उघड होतं तो सीन, काचेच्या घरात ऑर्किडमध्ये बसलेला एक माणूस, तो केलाय फॉन्स राडेमाकर्स या डच दिग्दर्शकाने, काम त्याने उत्तम केलंय पण त्या पात्राकडे बघायची फिल्मची नजर आज खटकते, समलैंगिक पुरुष म्हणजे काहीतरी सडलेलं असा वास त्याला येतो. दोन बायकांच्या ओढीकडे इतक्या गंभीरपणे बघणारी फिल्म तिथे कमी पडते असं माझं मत आहे. आणि हो, नग्नता आणि मारहाण दोन्ही आहे, घरात सगळ्यांबरोबर बसून बघायची फिल्म नाही ही.

मग ती मागे का पडली. एक तर त्या दोन-तीन वर्षांत बाई-व्हॅम्पायरच्या फिल्मची रांग लागली होती, इंग्लंडमध्ये हॅमर कंपनीने १९७० पासून ल फान्यू या लेखकाच्या ‘कार्मिला’ या बाई-व्हॅम्पायरच्या कथेवरून लागोपाठ तीन काढल्या, आणि ही त्याच ढिगाऱ्यात टाकली गेली, पोस्टर बघून लोकांना वाटलं अजून एक तसलीच. दुसरं, अमेरिकेत ती कापून दाखवली, शंभर मिनिटांची फिल्म सत्त्याऐंशीपर्यंत आणली. संथ फिल्म कापली की वेगवान होत नाही, तुटक होते, आणि मग लोक म्हणतात कळत नाही. आणि तिसरं माझ्या धंद्यातलं. त्या काळच्या रंगीत प्रिंटमध्ये निळसर डाय, म्हणजे निळसर रंगाचा थर, सगळ्यात आधी उडायचा, दहा-पंधरा वर्षांत प्रिंट गुलाबी पडायची, पुढे ऐंशीच्या दशकात कोडॅकने रंग टिकणारा पॉझिटिव्ह, म्हणजे प्रिंट काढायची फिल्म, आणला तोपर्यंत हे चालूच होतं. कुठलीही फिल्म गुलाबी पडली की तिचं नुकसान होतं, पण या फिल्मचा आख्खा डाव निळा आणि लाल यांच्या कुस्तीवर उभा. निळा उडाला की समुद्रही लाल, रात्रही लाल, जिनाही लाल, आणि मग पडदा लाल झाला काय आणि नाही झाला काय. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत ज्यांनी ती जुन्या प्रिंटवर किंवा कॅसेटवर बघितली त्यांच्यापर्यंत फिल्मच पोचली नाही. म्हणून मी म्हणतो की हिला लोकांनी नाकारलं नाही, ती नीट दाखवलीच गेली नाही.

म्हणून कॉपी बघून घ्या. ब्लू अंडरग्राउंड या डिस्क काढणाऱ्या कंपनीने २०२० मध्ये मूळ निगेटिव्हवरून केलेलं फोर-के रिस्टोरेशन काढलंय, तेच शोधा. लांबी बघा, सत्त्याऐंशी मिनिटांची असेल तर सोडून द्या, शंभरच्या जवळपास पाहिजे. यूट्यूबवर कुणी टाकलेली धुरकट कॉपी बघून मत बनवू नका, मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. टीव्हीवर बघणार असाल तर व्हिव्हिड मोड बंद करा, सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा, तो जो चित्र लोण्यासारखं सरकवणारा मोशन स्मूदिंग असतो तो तर आधी बंद करा. खोलीतला ट्यूबलाईट बंद, कारण ट्यूबलाईट चालू असेल तर डोळे लालाला तसे थकतच नाहीत आणि मी वर सांगितलं ते काही दिसणार नाही.

आणि अशा फिल्म शोधायच्या कशा. सगळे जण याद्या बघतात, ‘बेस्ट व्हॅम्पायर फिल्म’ वगैरे, आणि यादीवाले एकमेकांच्या याद्या बघतात म्हणून तीच दहा नावं फिरत राहतात. मी माणसाचा माग काढतो, पण दिग्दर्शकाचा नाही, कॅमेरामनचा, संगीतकाराचा, कधी कॉश्च्युमवाल्याचा. ही फिल्म मला दुसऱ्यांदा सापडली ती अशीच. ‘ट्राफिक’ बघताना रंग आवडले म्हणून फान देर एंडेन कोण ते शोधलं, त्याच्या कामात हे नाव दिसलं, आणि आठवलं की अरे ही तर ती लाल पसरलेली कॅसेट. टेक्निशियन लोक पोटापाण्यासाठी सगळं करतात, मोठ्या दिग्दर्शकाचंही आणि कुणी नाव न ऐकलेल्याचंही, आणि आपला हात ते दोन्हीकडे तोच वापरतात. त्यामुळे त्यांच्या मागे गेलात की यादीत कधी न येणाऱ्या ठिकाणी पोचता. दुसरं म्हणजे आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांचे जुने कार्यक्रम आणि पुस्तिका, मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून आहे, पुण्यात फिल्म अर्काइव्ह १९६४ पासून, तिथे वर्षानुवर्षं येणारे लोक भेटले तर त्यांना नुसतं विचारा की तुम्हाला एखादी फिल्म आवडली आणि तुमच्याशिवाय कुणालाच आवडली नाही अशी कुठली. प्रत्येकाकडे एक असते.

ही बघून आवडली तर क्यूमेलचीच ‘मालपर्तुई’ बघा, लगेच पुढची, ऑर्सन वेल्स आहे त्यात, १९७२ ला कान महोत्सवात स्पर्धेत होती. तीही पाडून-कापून वेगवेगळ्या लांबीत फिरलेली आहे, तिच्याबद्दल परत कधीतरी लिहीन.

आणि आज रात्री बघायला बसलात तर एका शॉटकडे लक्ष ठेवा. काउंटेस काळ्या केपमध्ये उभी असते, हळूहळू दोन्ही हात पसरते, केप पंखांसारखी उघडते आणि ती व्हॅलरीला आत घेऊन मिटते. व्हॅम्पायर-वटवाघळाचं सगळं चित्र त्या एका हालचालीत आहे, कुठलाही ट्रिक शॉट नाही, एक शिंपी, एक नटी आणि एक दिवा. व्हॅलरीचा चेहरा दिसेनासा व्हायच्या आधी तिच्या डोळ्यांत काय आहे ते बघा, आणि मला सांगा तुम्हाला काय दिसलं, मी ते चार वेळा बघून चार वेगळी उत्तरं दिलीत.